पाखराचं दुखणं

कापसाच्या बोळ्यावरचा रक्ताचा ठिपका एव्हाना सुकायला हवा होता. देब्रितूच्या कोपराच्या खळीतून तपासणीसाठी रक्त घेतलं होतं ते काल दुपारी. आज सकाळी चिकटपट्टी सोडवली, तेव्हा ठिपका मसुराच्या दाण्याएवढा होता, कडेला तपकिरी आणि मध्ये अजून ओला. येशिमबेतने नवा बोळा दाबून धरला. थोड्या वेळाने उचलला. पुन्हा लाल.

त्या डोंगरी गावच्या इस्पितळात भूल देणारी ती एकटीच. ऑपरेशन करणारे डॉक्टर आदिस अबाबाहून यायचे आणि जायचे. या खेपेचे डॉक्टर गेटिनेत उद्या परत जाणार होते, आणि त्यांच्यासाठी आजचं शेवटचं काम म्हणजे देब्रितूचा गलगंड.

"कसल्या गोळ्या घेतेस का? डोकेदुखीच्या वगैरे?" येशिमबेतने विचारलं.

देब्रितूने तोंड उघडलं, पण खाटेच्या पायथ्याशी बसलेली तिची आई झेरफे आधी बोलली. जरा आठवून म्हणाली, "नाही हो सिस्टर. गोळ्या कुठल्या आमच्याकडे!"

"दारू? घरी गाळलेली?"

"सणाला घोटभर. बाकी नाही."

"कावीळ झाली होती कधी?"

"नाही."

हे 'नाही' फार लवकर आलं. आधीच्या दोन्ही प्रश्नांना म्हातारीने निदान आठवल्यासारखं केलं होतं.

"इमाये, तिला बोलू द्या की. गळा तिचा आहे." वॉर्डातल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना येशिमबेत 'इमाये' म्हणजे आई म्हणायची.

"गळाच धरलाय तिचा, म्हणून तर मी बोलते," झेरफे म्हणाली. शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली.

वॉर्डाच्या खिडक्यांना पिवळे पडदे होते. त्या उजेडात साऱ्यांचेच डोळे पिवळे दिसत. येशिमबेतने देब्रितूला हाताला धरून व्हरांड्यात आणलं.

"उन्हात नको! ऊन बाधतं," म्हणत झेरफे मागोमाग आली आणि लेकीची पांढरी शाल तिने कपाळावरून पार भुवयांपर्यंत ओढली.

"शालीचं ऑपरेशन नाही करायचं, इमाये."

येशिमबेतने शाल मागे सारली. शेतात राबणाऱ्यांच्या डोळ्यांचा उघडा पांढरा भाग उन्हाधुराने तसाही मळकट होतो, त्यावर विसंबून चालत नाही. तिने वरची पापणी उचलली आणि देब्रितूला पायांकडे बघायला सांगितलं. जिथे ऊन कधीच पोचत नाही, तिथलं पांढरंही जुन्या लोण्याच्या रंगाचं होतं. की व्हरांड्याच्या भिंतीचा रंग पडला होता तिथे? भिंतही पिवळीच होती.

डॉक्टर गेटिनेत ऑपरेशनच्या खोलीबाहेर कॉफी पीत होते. तिने सगळं सांगितलं.

"बोळा ओला आणि म्हातारी घाईची, एवढंच ना?" ते म्हणाले. "यकृताची तपासणी?"

"ती इथे होत नाही."

"सिस्टर, तुझ्या संशयाला एखादं तरी हाड दे, म्हणजे तो उभा राहील."

"यकृत दमलेलं असेल तर रक्त गोठायचं नाही. तुम्ही गळ्यात काम करणार. तिथे आत रक्त साचलं की श्वासनळी दाबली जाईल. भुलीची बरीचशी औषधं यकृतच निस्तरतं. तेच दमलेलं असलं तर नेहमीचा डोससुद्धा तिला जड होईल. आणि आपल्याकडे आहे फक्त हॅलोथेन. ते क्वचित का होईना, यकृतावरच उठतं."

"सगळं मान्य. पण ती रात्री आडवी होऊ शकत नाही, हेही खरं. मी पुन्हा कधी येईन, सांगता येत नाही." त्यांनी कप खाली ठेवला. "तू नाही म्हणालीस तर मी सुरी उचलणार नाही. पण म्हण तरी!"

"थोडं थांबा," येशिमबेत म्हणाली.

सकाळपासून ती हेच म्हणत होती. तिचा सगळ्यात जास्त संशय स्वतःवरच होता. गलगंडाने देब्रितूची श्वासनळी एका अंगाला सरकली होती. भूल देताना तिच्यात नळी घालणं सोपं जाणार नव्हतं. त्या भीतीने तर आपण कावीळ शोधत नाही ना? भिणाऱ्या माणसाला कारण कुठेही सापडतं.

मग करता येण्यासारखी एकच तपासणी उरली. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, नळी उभी ठेवायची आणि वाट बघायची. रक्त धड असेल तर थिजून बसतं.

सुई बघताच झेरफे खाटेवरून उठलीच. "पुन्हा सुई? काल टोचली ना! किती टोचाल?"

"गलगंड सुरीने कापणार आहेत. त्याला तुम्ही हो म्हणालात, आणि सुईला घाबरता?"

झेरफे पुन्हा खाटेच्या कडेला टेकली. रक्त घेऊन येशिमबेतने नळी खिडकीत उभी केली, पण तिचं लक्ष म्हातारीच्या चेहऱ्यावरून हलेना. सुरीला न भिणारी बाई सुईला का भिते? मग तिला स्वतःची आजी आठवली. पिवळ्या पडलेल्या शेजाऱ्याला दवाखान्यात न्यायला निघाले, तेव्हा दारात आडवी झालेली आजी. 'पाखराचं दुखणं आहे ते. सुई लागली की माणूस गेला!'

देब्रितूच्या डाव्या मनगटाला चिंधी बांधलेली होती.

"हे काय?"

"तव्याला भाजलं. इंजेरा टाकताना," झेरफे म्हणाली.

येशिमबेतही घरी इंजेराच्या पातळ पोळ्या टाकायची. तव्याचा चटका बोटांना बसतो, फार तर मनगटाच्या बाहेरच्या कडेला. तिने चिंधी सोडली. मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडीवर, गोल फोड आला होता, नाण्यासारखा रेखीव. रानपाला ठेचून बांधल्याशिवाय असा फोड येत नाही. पिवळ्या पडलेल्या माणसाच्या अंगातलं पाखरू उडवायला वैदू तसाच पाला बांधतात.

"पाखरू काढलंत ना, इमाये?"

उत्तर देब्रितूने दिलं. तिने श्वास झटकन आत ओढला. गावात असाच होकार देतात. पण तिच्या गळ्यातून त्या होकाराबरोबर बारीक शीळ निघाली.

"वैदू म्हणाला, पाखरू उडालं, आता सुई चालेल," झेरफे रडवेली झाली. "पण सुईवाल्यांना सांगू नका म्हणाला. काढा रोज द्या म्हणाला."

"आज दिलात?"

"पहाटे. थोडासाच."

"ऑपरेशनच्या दिवशी पाणीसुद्धा नको म्हणून बजावलं होतं ना मी?"

"पाण्याला नको म्हणालात," झेरफे डोळे पुसत म्हणाली. "हे औषध होतं."

देब्रितूने येशिमबेतचा हात धरला. "सिस्टर, मला पाठवू नका. रात्री पडले की कुणीतरी गळा आवळतं. मी भिंतीला टेकून झोपते. पोरगी विचारते, आई, तू बसून का झोपतेस? आज उरकून टाका. मेले तर मेले."

"तू मेलीस तर मी काय सांगू तिला?" झेरफे लेकीवर खेकसली, आणि मग येशिमबेतकडे वळली. "म्हणजे वैदू खरंच बोलला होता ना? पाखरू आत असलं की सुईने मरतात?"

येशिमबेतला या प्रश्नावर इतकी वर्षं हसू यायचं. आज आलं नाही.

"सुईने नाही, इमाये. आजाराने आतूनच माणूस पोकळ झालेला असतो. आमचं औषध त्याला झेपत नाही. तुम्ही लपवता, म्हणून आम्हाला कळत नाही, आणि मग तुम्ही म्हणता, बघा, सुईने मेला."

तिने खिडकीतली नळी उचलली. एव्हाना आतलं रक्त जेलीसारखं बसायला हवं होतं. तिने नळी हळूच तिरपी केली. रक्त नळीच्या कडेकडेने तोंडापर्यंत घसरत आलं, नुकतंच घेतल्यासारखं पातळ. नळी सरळ केली तसं ते परत गेलं. तिने ती झेरफेला दाखवली, मग देब्रितूला. दोघींनीही बघितलं.

"रात्री पाठीशी उशा लावून बसूनच झोप," ती देब्रितूला म्हणाली. "काढा बंद. बहिर दार शहरातल्या मोठ्या इस्पितळात मी स्वतः येते तुझ्याबरोबर. आधी यकृत, मग गळा."

दारात डॉक्टर गेटिनेत उभे होते, ओले हात कोपरापासून वर धरलेले.

"काय सिस्टर? अजून थांबू?"

"नाही," येशिमबेत म्हणाली. "आज मी देब्रितूला भूल देणार नाही."