अर्धा हत्ती

मोज्यांच्या त्या छोट्या कारखान्यात दोन जावा होत्या आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटर धाकटीच्या लग्नाच्या कितीतरी आधीचा, पण विणायच्या यंत्राला त्याचीच भाषा कळायची, म्हणून बिचाऱ्याला पेन्शन मिळत नव्हती. हार्ड डिस्क मात्र आचके देऊ लागली होती. तसली दुसरी कुठे मिळेना. शेवटी धाकटीने जुन्या कॅमेऱ्यातलं काड्यापेटीएवढं मेमरी कार्ड काढलं, अडॅप्टरमध्ये खोचलं, सगळ्या नक्ष्या त्यावर उतरवल्या आणि ते डिस्कच्या जागी बसवलं. कॉम्प्युटरने त्याला मुकाट्याने डिस्क मानलं.

थोरलीने मानलं नाही. तिने नवी नक्षी साठवली, कॉम्प्युटर बंद केला आणि जेवून येऊन पुन्हा लावला, तर मोज्यावर हत्ती विणला गेला तो सोंड आणि पुढचे दोन पाय एवढाच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं म्हणतात. इथे शेपूटच गेलं होतं.

“उद्या दुपारपर्यंत अख्खा हत्ती दिसला नाही,” थोरली म्हणाली, “तर ते कार्ड काढ, आणि तूही बायकांबरोबर मोज्यांच्या जोड्या लावायला बस.”

कॉम्प्युटरला हात लावायची परवानगी धाकटीला लग्नानंतर दोन वर्षांनी मिळाली होती. थोरली सोशिक म्हणून नावाजलेली. सासूबाईंचे टोमणेही ती हूं की चूं न करता गिळायची. धाकटीला मात्र तो अबोला टोचायचा. तिचं टेबल थोरलीच्या पाठीमागे. तिथून ती काय काय बोलली होती: नक्षी छान झालीय, चहा आणू का, माझं काही चुकलं का. उत्तर एकदाही नाही. समोर गेली की धाकटीचीच मान खाली आणि बोलणं पुटपुटण्याएवढं.

दुसऱ्या दिवशी तिने नीट लक्ष ठेवलं. थोरलीने हत्ती पुन्हा काढला, साठवायला टाकला, कॉम्प्युटरच्या पेटीवर तळवा टेकला आणि लगेच बटण बंद केलं. कार्ड कितीही चपळ असलं तरी प्रोग्रॅम जुनाच. त्याला साठवायला अर्धं मिनिट लागायचं.

धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. डिस्क काम करताना करकरायची. करकर थांबली की काम झालं, अशी थोरलीची वर्षानुवर्षांची सवय. कार्ड तर जन्माचं मुखदुर्बळ! तिने पेटीवरच्या, काम चालू असताना लुकलुकणाऱ्या दिव्याच्या तारांना एक छोटा बझर जोडला. आता कार्ड काम करत असेतो टिकटिक होणार होती. झालीही, आणि इतकी खणखणीत की दाराशी गठ्ठे बांधणाऱ्या बाईने मान वळवली. थोरलीने मात्र तळवा टेकला आणि टिकटिक चालू असतानाच बटणाकडे हात नेला.

“जाऊबाई, थांबा!” धाकटी मागून ओरडली.

थोरलीने वळून पाहिलं नाही. बटण बंद.

धाकटी जागच्या जागी उभी राहिली. थोरलीला ऐकूच येत नव्हतं. डिस्कची करकर तिने तळव्याने ओळखली होती. दोन वर्षं जपलेला राग आता कुठे ठेवावा, हे धाकटीला कळेना. आणि सासूबाईंचे एवढे निवडक टोमणे फुकट गेले, या विचाराने हसूही आवरेना.

तिने एक मोडका मोबाइल उघडला, त्यातली थरथरणारी चिमुकली मोटर काढली आणि बझर काढून ती पेटीला आतून चिकटवली.

थोरलीने तिसऱ्यांदा हत्ती काढला. तळवा टेकला. पेटी थरथरली, आणि अर्धं मिनिट तिने हात हलवला नाही. या खेपेला मोज्यावर हत्ती शेपटासकट चालत आला.

थोरली मोजा उलटसुलट करत राहिली. मग हळूच म्हणाली, “कळलं तर तुला. सगळ्यांना सांगशील?”

धाकटी स्टूल ओढून तिच्यासमोर बसली आणि मान वर करून सावकाश बोलली. “नाही सांगणार. पण मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही. माझ्या एका शब्दाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत.”

थोरली तिच्या ओठांकडे बघतच राहिली.

“अगं, मला वाटलं, शिकलेली जाऊ, माझ्याशी बोलायचा कमीपणा वाटतो हिला. दोन वर्षांत पोरीने तोंड उघडलं नाही म्हणून मी रडलेसुद्धा.” तिने यंत्र बंद केलं. “काय काय बोलायचीस? सांग आता. अगदी पहिल्यापासून सांग.”