पितळी बटण

माझा ज्ञानू पलटणीत होता. चव्वेचाळीस साली त्याची तार आली ती माझ्याच हाती पडली. आमच्या वडूजात वाचून घेतली असती तर गावभर झाली असती, म्हणून कराडला जाऊन अनोळखी माणसाकडनं वाचून घेतली. ज्ञानू ब्रह्मदेशात पडला होता. तार मी ज्वारीच्या कणगीत तळाला पुरली अन् सुनेला, अंजनाला, सांगितलं, खुशालीची हाय. माझ्या दारात बांगड्या फुटू द्यायच्या नव्हत्या.

आठ महिने पत्र नाही, म्हणून अंजनानं हट्टानं सांगलीच्या मधु मास्तराला बोलावला. त्याच्या मोहिनीविद्येनं झोपलेल्या माणसाला लांबचं दिसतं म्हणे.

"चमकणारं काहीतरी द्या," मास्तर म्हणाला.

अंजनानं ज्ञानूच्या जुन्या कोटाचं पितळी बटण काढून दिलं. माझ्या पोराचं बटण!

"मास्तर, जाताना खिसा झाडून दाखवावा लागंल."

"बाई, तुम्ही नुसतं बघत बसा."

"बघतेच की. तुमच्यासारखे लय बघितल्यात."

दोऱ्याला बांधलेलं बटण दुपारच्या उन्हात हलायला लागलं. "सगळं लक्ष इथं," मास्तर हळू बोलत होता. अंजनाचं कुठलं लागतंय! चुलीवर दूध, तिची मान घडोघडी तिकडं. मी मात्र डोळ्यांत तेल घालून बसले. बटण डावीकडं, मी डावीकडं. बटण उजवीकडं, मी उजवीकडं. पापणी लवू दिली नाही. लबाड आता सापडणार होता.

मग करपलेल्या दुधाचा वास आला.

ऊन भिंतीवर चढलं होतं. मास्तर पांढराफटक पडला होता.

"झोप तिला नाही लागली, बाई. तुम्हाला लागली. लक्ष तुमचंच होतं."

"मी बोलले काय?"

त्यानं माजघराकडं बोट केलं.

माजघरात अंजना खांद्यापर्यंत कणगीत हात घालून तळ चाचपत होती. ज्वारी भुईवर सांडत होती. तार निघाली.

"आठ महिनं मला हळदीकुंकवाला धाडलंसा, आत्याबाई."

"तुझं कुंकू राहावं म्हणून गं."

तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "मग आता तुमीच फोडा."

मी वरवंटा उचलला. तो खाली आला नाही.

बांगड्या अजून हायेत. कुणी विचारलं की आता अंजनाच सांगते, खुशाल हायेत. ती भाकरी थापायला बसली की त्या वाजतात. मी भिंतीकडं बघते, म्हशीकडं बघते, लक्ष दुसरीकडं लावायला बघते.

लागत नाही.