गोळी

नळवाल्याने खुर्ची टेबलाला चिकटवून घेतली, तशी दारात पहाऱ्यावर असलेल्या जमादारबाईंनी बोट हलवलं. त्याने निमूट ती मागे सरकवली. आज मध्ये काच नव्हती, फोनमध्ये ओरडून बोलणं नव्हतं. समोर बायको आणि लेक, मध्ये नुसतं एक टेबल. एवढ्यावरच गडी खूश होता.

ही उघडी मुलाखत सुखासुखी मिळाली नव्हती. तुरुंगात गेल्यावर तरी याची नशा सुटेल असं घरच्यांना वाटलं होतं. पण आत तर माल बाहेरच्यापेक्षा हाताशी निघाला. मग नशा सोडू पाहणाऱ्यांसाठी वेगळी बराक झाली आणि याने आपणहून नाव दिलं. तिथे काम मिळायचं, बोलायला माणूस मिळायचं, आणि साहेब म्हणतील तेव्हा तपासणीसाठी बाटलीत लघवी द्यावी लागायची. बाकीचे कैदी तिला ‘मुतरी बराक’ म्हणत. सुरुवातीला अंग इतकं ठणकायचं की भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे. पण तो टिकला, म्हणून तर ही मुलाखत. हल्ली गळके नळ दुरुस्त करताना तो शिट्टी वाजवायचा, तीही बेसूर, आणि शेजाऱ्यांच्या शिव्या आनंदाने खायचा.

सुटका आता तोंडावर आली होती. सुटल्यावर जायचं कुठे, हे मात्र बायकोच्या हातात होतं. तिच्या बांगड्या, मिक्सर, पोरीची सायकल, सगळं त्याने नशेत फुंकलं होतं. ‘घरी येऊ का?’ हे विचारायचं तरी कोणत्या तोंडाने? ती हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसली होती.

“शाळा काय म्हणते?” त्याने लेकीला विचारलं.

“शाळा कुठे बोलते का?” लेक खुदकन हसली. मग एकदम आठवल्यासारखं करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, “बाबा, तुझ्यासाठी गोळी आणलीय!”

सगळा हॉल चिडीचूप झाला. त्या भिंतींच्या आत गोळी म्हटलं की एकच अर्थ, नशेची. शेजारच्या टेबलावरचा कैदी खाली बघू लागला. बायकोच्या हाताची घडी सुटली.

जमादारबाई तीन ढांगांत येऊन उभ्या राहिल्या.

“मूठ उघड बघू, बाळा.”

पोरीने मूठ उघडली. घामाने चिकट झालेली, अर्धा कागद निघालेली संत्र्याची गोळी. बाईंनी ती उचलली, वास घेतला, आणि त्यांचाच चेहरा उतरला. झडती त्यांनीच घेतली होती, तरी ही आत आली होती.

“गोड गोळी आहे हो,” त्या पुटपुटल्या. “खा. माझ्यासमोर खा, चालेल.”

लेकीने गोळी त्याच्यापुढे धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याला काहीतरी देत होती.

“नको,” तो म्हणाला.

“अरे, चालेल म्हणाले ना मी,” बाई म्हणाल्या.

“नको, बाई. आज माझ्या पोरीच्या हातून ही आली, तर उद्या कोणाच्या तरी पोरीच्या हातात भलतीच देतील.”

पोरीचा ओठ थरथरू लागला. तो पुढे वाकला.

“तू खा ना. आणि कशी लागते ते मला सांग.”

तिने क्षणभर विचार केला आणि गोळी गालात टाकली.

“आंबट,” ती म्हणाली. “आता गोड. आता परत आंबट.”

“आणि आता?”

“थांब ना, चघळू तर दे!”

बाई हसून दाराकडे परतल्या. हॉलमध्ये पुन्हा कुजबुज सुरू झाली.

बायको मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होती. संसारात तिने त्याच्या तोंडून शपथा ऐकल्या होत्या, आणाभाका ऐकल्या होत्या. ‘नको’ हा शब्द ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

“घराचं कुलूप बदललंय मी,” ती म्हणाली.

“बरं केलंस.” त्याने मान खाली घातली.

तिने पदराने लेकीचे चिकट हात पुसले, एक एक बोट सावकाश.

“दुसरी किल्ली करायला टाकते,” ती म्हणाली.