कोंडाण्याच्या कमानीतली मोहळं

शिमगा होऊन आठ दिवस झाले होते आणि पोशाचा पाय भोपळ्यासारखा सुजला होता. मुंबईहून कुणी कोंडाण्याची लेणी बघायला आलं की वाट दाखवायला दरसाल तोच जायचा. यंदा करवंदीचा काटा घोट्यात मोडला, आतल्या आत कुजला, आणि पाहुणे यायच्या दिवशीच त्याला पाय टेकवेना. तेव्हा त्याची भावजय आवडी निघाली. चाळिशीची बाई, अंगानं काटक, बोलायला कमी. नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली होती.

निघताना पोशा म्हणाला, "वयनी, कमानीत यंदा तीन मोहळं हायीत. आग्या. ऊन कमानीवर यायच्या आत मंडळींना खाली उतरव."

"मला नको शिकवू रं," आवडी म्हणाली आणि घोंगडी खांद्यावर टाकून, कमरेला कोयता खोचून बाहेर पडली.

पण कर्जतला आगगाडीच उशिरा आली. गजाच्या बैलगाडीनं मंडळी कोंदिवड्याला पोचली तेव्हा सूर्य चांगला कासराभर वर आला होता. एकूण सात जणं होती. सगळ्यांचे पुढारी प्रोफेसर मोरेश्वर धराधर, पांढऱ्या मिशांचे, हातात वेताची काठी. त्यांच्या पत्नी मथुराबाई, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून आलेल्या. फोटो काढणारे नवलकर, आणि कॉलेजातले चार तरुण. नवलकरांनी आपली कॅमेऱ्याची लाकडी पेटी कुणाला उचलू दिली नाही.

प्रोफेसरांना बोलायची भारी हौस. नदी ओलांडताना थांबले, रानात शिरताना थांबले, राजमाचीचा कडा दिसला तसे पुन्हा थांबले. "दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेनं व्यापाऱ्यांचे तांडे घाट चढत असत, आणि पावसाळ्यातल्या वर्षावासात भिक्षू इथंच मुक्काम करत," असं सांगत त्यांनी काठीनं आभाळात वाटा काढल्या. पोरं वह्यांत लिहून घेत होती. आवडी पुढं उभी राहून झाडांच्या सावल्या बघत होती. सावल्या आखडत चालल्या होत्या.

"रावसाहेब, पाय उचला. उन्हाच्या आत परतायला हवं."

"ऊन आम्हांला नवं नाही बाई," प्रोफेसर हसून म्हणाले.

"ऊन तुमाला नाय लागायचं, माश्यांना लागायचं."

ते कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही. फक्त मथुराबाईंनी तिच्याकडं वळून पाहिलं.

लेण्यांपुढं पोचल्यावर मात्र सगळेच माना वर करून बघू लागले. भल्या थोरल्या कड्याच्या पोटात कोरलेली ती कमान, तिच्या दगडी तुळया, वरच्या सज्ज्यांत कोरलेली जोडपी. आवडीनं ते काही पाहिलं नाही. तिची नजर कमानीच्या माथ्याशी गेली. सुपाएवढी तीन काळी मोहळं तिथं लोंबत होती आणि त्यांच्या अंगावरून मधूनच लाट सरकल्यासारखी सरकत होती. अजून राग नव्हता. गुणगुण खालच्या सुरात होती.

तिनं सगळ्यांना खाली, नाल्याच्या कोरड्या पात्रातच उभं केलं आणि सांगितलं, "वरडायचं नाय. दगड मारायचा नाय. इडी-सिगरेट पेटवायची नाय. धूर त्यांना खपत नाय."

"शाबास," प्रोफेसर म्हणाले, "ऐकलंत ना रे? सिगरेटी खिशात."

पहिला अर्धा तास बरा गेला. डाव्या अंगाला दगडात कोरलेल्या मोठ्या मुखवट्याजवळ प्रोफेसरांना अक्षरांची ओळ सापडली. त्यांनी ती बोटानं वाचून दाखवली. कण्हाचा शिष्य बलक, त्यानं हे केलं, एवढंच त्यात होतं. ते सांगताना म्हाताऱ्यानं तळहात त्या ओळीवर टेकला. "नाव मागं ठेवलं पोरानं. नवलकर, याचा फोटो पाहिजेच."

"सावली आहे, सर. उजेड करावा लागेल."

त्यांनी तीन पायांचं तिकाटणं मांडलं, पेटीवर काळं कापड टाकलं आणि पिशवीतून एक पत्र्याची तबकडी काढून तिच्यावर करडी भुकटी ओतली. मथुराबाईंना तहान लागली होती, म्हणून त्या पलीकडच्या टोकाला पाण्याच्या टाक्याकडं गेल्या होत्या. आवडी त्यांच्यामागं निघणार, तेवढ्यात तिला ती भुकटी दिसली.

"सायब, ते काय हाय?"

"उजेडाची पूड."

"धूर होतो का त्याचा?"

"धूर नव्हे बाई, उजेड. डोळा मिटायच्या आत संपतो."

आवडी घुटमळली. असली वस्तू तिनं जन्मात पाहिली नव्हती. वर ऊन कमानीच्या कडेला टेकलं होतं आणि मोहळांवरच्या लाटा आता भरभर सरकत होत्या. "नको," ती म्हणाली, "सायब, नको," आणि दोन पावलं पुढं आली. नवलकर प्रोफेसरांकडं बघत होते. प्रोफेसरांनी मान हलवली.

फस्स झालं. पांढरा लखलखाट झाला, सगळ्यांचे डोळे दिपले, आणि मग गाईच्या कासेसारखा धुराचा गोळा हळूहळू वर चढू लागला. सरळ कमानीच्या माथ्याकडं.

वरचा सूर बदलला. आवडीला तो कानांनी ऐकू यायच्या आधी दातांत जाणवला.

"आत! भोकांत शिरा!" ती ओरडली.

पोरं बघतच राहिली. तिनं दोघांना दंडाला धरून शेजारच्या विहारात लोटलं, तिसऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला. विहाराच्या भिंतीत भिक्षूंच्या निजायच्या खोल्या होत्या, हातभर रुंद दाराच्या. त्यांतल्या सगळ्यात आतल्या एकीत तिनं चौघांना कोंबलं. प्रोफेसर दाराशी अडून उभे राहिले.

"मथुरा! ती टाक्यापाशी आहे!"

"मी जाते. तुमी आत."

"माझी बायको आहे ती!"

त्यांनी तिला बाजूला सारायला हात उचलला. तिनं तो मनगटाला धरला. मोठ्या माणसाच्या अंगाला असा हात तिनं कधी लावला नव्हता. "तुमी उघडे हाय रावसाहेब. धा पावलांत पडाल, मग मी दोघांना कशी आणू? कोट काढा. दार बुजवा. फट ठेवू नका."

प्रोफेसरांच्या गालावर पहिली माशी बसली आणि डसली. त्यानं जे झालं ते तिच्या बोलण्यानं झालं नसतं. ते आत वाकले. आतून पाच कोट आणि दोन उपरणी दाराच्या तोंडात दाबली गेली.

नवलकर त्यांच्यात नव्हते. ते पेटीवरचं काळं कापड डोक्यावर घेऊन नाल्याच्या बाजूला पळत सुटले होते. हवेत माश्यांचा पिसारा त्यांच्यामागून चालला होता.

आवडीनं घोंगडी डोक्यावरून पायांपर्यंत ओढली आणि कड्याच्या अंगाला चिकटून टाक्याकडं धावली. मथुराबाई टाक्याच्या काठाशी बसल्या होत्या, पदर तोंडावर धरून, दगडासारख्या. हलल्या नव्हत्या म्हणूनच वाचल्या होत्या. कपाळावर दोन आणि हातावर चार माश्या बसल्या होत्या. आवडीनं घोंगडीसकट त्यांच्यावर अंग टाकलं आणि कडा चहूबाजूंनी पायाखाली दाबल्या.

आत अंधार, मेंढीच्या लोकरीचा वास आणि दोघींचे श्वास. वरून पावसाच्या सरीसारखं टपटप वाजत होतं. त्या माश्याच होत्या, घोंगडीवर आपटणाऱ्या.

"हे... माझे हे..." मथुराबाईंनी विचारलं.

"आत हायीत. दार बुजवलंय. पोरं बी हायीत."

"आणि नवलकर?"

नाल्यातून किंकाळी आली. मग दुसरी. मग कुणीतरी आईला हाक मारल्यासारखं काहीतरी, आणि त्यानंतर नुसतं कण्हणं.

आवडीनं दोन्ही कानांवर हात दाबले. तिची कोपरं मथुराबाईंच्या छातीला लागत होती.

"घाबरलीस का गं?"

"माजा घरवाला असाच वरडत व्हता," आवडी म्हणाली. "मध काढताना कड्यावरून पडला. मेला नव्हता, बाय. बराच येळ वरडत व्हता. मी खाली व्हते, हीच घोंगडी घेऊन. समदे म्हणाले, गेलीस तं तू बी मरशील. मी बसून राहिले."

"जाऊन काय झालं असतं?"

"ठावं नाय. गेलेच नाय तं कळणार कसं?"

टपटप चालूच होती. नाल्यातला आवाज बारीक झाला होता. मथुराबाई म्हणाल्या, "मग चल."

"तुमी नको, बाय."

"घोंगडी एकच आहे. मला इथं उघडी टाकून जाणार आहेस का?"

दोघी रांगत निघाल्या. वर घोंगडीचं छप्पर, कडा मुठींत धरलेल्या. पन्नास पावलांचं अंतर असेल, पण उतरणीचं आणि धोंड्यांचं. मथुराबाईंचे पाय मागून उघडे पडत होते. दर दोन हातांवर त्या "आई गं" म्हणत आणि पुढं सरकत. एकदा आवडीनं मागं हात करून त्यांच्या पोटऱ्यांवरच्या माश्या चिरडल्या. लगेच वाटलं, चूक केली. चिरडलेल्या माशीच्या वासावर शंभर येतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आल्याच.

नवलकर कोरड्या पात्रात पालथे पडले होते. काळं कापड बाजूला उडालं होतं आणि मानेवर, कानांवर माश्यांचा थर होता. एका घोंगडीत तिघं मावणं शक्य नव्हतं.

"त्यांच्या खिशात बघा, बाय. काडेपेटी असंल."

होती. पाच काड्या. आवडीनं धोंड्यांच्या आडोशाला पालापाचोळा ओढला. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि मथुराबाईंच्या श्वासानं विझली.

"तोंड तिकडं करा."

तिसरी पाल्याला लागली. जाळ वर यायच्या आत तिनं कोयत्यानं करवंदीचे ओले फाटे तोडून त्यावर टाकले. ते तोडताना हात कोपरापर्यंत बाहेर काढावा लागला आणि आत घेतला तेव्हा तो तिचा वाटत नव्हता. मग पांढरा, दाट, कडू धूर उठला.

"अगं, धूर त्यांना खपत नाही म्हणालीस ना?"

"त्यांच्या घरात गेलेला खपत नाय. धुरात बसलेल्याच्या वाटंला मात्र जात नाय. डोकं खाली घाला."

त्या धुरात त्यांनी नवलकरांना ओढलं. तिघंही खोकून खोकून अर्धमेली झाली, पण माश्या एकेक करून उठल्या. दुपार सरेतो आवडी ओला पाला टाकत राहिली आणि मथुराबाई कोयत्याच्या पात्यानं नवलकरांच्या मानेवरचे काटे खरवडत राहिल्या. उपटायचे नाहीत, खरवडायचे, हे आवडीनं एकदाच सांगितलं. श्वास चालू होता. दोनदा तो थांबल्यासारखा वाटला आणि दोन्ही वेळा मथुराबाईंनी त्यांच्या गालावर चापट मारून नावानं हाक मारली.

ऊन कमानीवरून उतरलं तशी गुणगुण खालच्या सुरात आली. आवडीनं विहारात जाऊन कोट ओढले. आतली पाच माणसं घामानं निथळत, एकमेकांना धरून बाहेर आली. प्रोफेसरांचा एक डोळा मिटला होता. बायकोला पाहून ते जवळ जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "तू टाक्यापाशीच थांबायला हवं होतंस."

"थांबले असते तर नवलकर इथंच राहिले असते," मथुराबाई म्हणाल्या. "आणि तिनं नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं, टाक्यापर्यंत ऐकू आलं मला."

दोन सरळ फाटे तोडून, घोंगडी त्यांना बांधून पोरांनी नवलकरांना उचललं. कॅमेरा तिथंच राहिला. नदी ओलांडताना कुणी थांबलं नाही. कोंदिवड्याला गजानं बैल जुंपले. आवडी घरच्या वाटेला वळली, तर मथुराबाईंनी तिचा सुजलेला हात धरला आणि गाडीत ओढून घेतलं. "तुलाही डॉक्टरला दाखवायचं आहे." कर्जतला डॉक्टरांनी नवलकरांना सुई टोचली आणि रात्र निघाली तर बघू, एवढंच म्हणाले.

आवडी तीन दिवस तापानं फणफणली. जाऊ पारू तिच्या दंडावर हळदीचा लेप लावत होती. तापात ती बडबडत होती, पण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी आलं नाही असं पारू पुढं सांगायची. "पेटली का? पेटली का?" एवढंच ती विचारत होती.

दहाव्या दिवशी गजा वाडीवर आला.

"जगला," तो दारातूनच म्हणाला. "मुंबईच्या हासपिटलात हाय. डाव्या कानानं ऐकू येत नाय म्हणतात, पर भात खातो. बाईंनी कागद धाडलाय पाटलाकडं. तुज्या हाताची सूज उतरली का इचारलंय. काय लिवायला सांगू?"

आवडी चुलीपुढं बसली होती. तिनं हात परातीतून काढून पाहिला, मूठ मिटली, उघडली. दोन बोटं अजून पुरती वळत नव्हती.

"सांग," ती म्हणाली, "भाकरी थापता येते म्हणावं."