एकोणऐंशीची बस

तान्ही ओपल रात्रभर झोपली नव्हती आणि आता रेनिटाच्या पाठीशी बांधलेल्या झोळीत, तिच्या मानेशी तोंड खुपसून रडत होती. रविवारची सकाळ, कॅफेची रांग दाराबाहेर फुटपाथपर्यंत गेलेली. या गडबडीत मिस्टर एल्मोरची बशी राहिली.

बशी राहणं ही साधी गोष्ट नव्हती. मिस्टर एल्मोर आले की खिडकीजवळ बसत, शर्ट जरासा वर करून पोटात इन्सुलिन टोचून घेत, आणि सुई पिशवीत जाते न जाते तोच अंडी आणि मक्याची लापशी समोर येई. आधी घास, मग सुई, असं डॉक्टरीणबाई कानीकपाळी ओरडायच्या. "आमच्या रेनिटाची बशी तुमच्या घड्याळापेक्षा पक्की आहे," असं ते त्यांनाच ऐकवून आले होते.

आज सुई झाली, बशी आली नाही. पोर रडतंय, मुलगी एकटी काउंटर सांभाळतेय, म्हणून त्यांनी हाकही मारली नसावी.

रेनिटाने मान वर केली ती एकाएकी गप्प झालेल्या रांगेमुळे. मिस्टर एल्मोर काउंटरजवळ उभे होते. हातात केकची लांब सुरी. लोण्याच्या केकचा तुकडा स्वतःच्या हाताने कापून घ्यायचा, हा मान या कॅफेत फक्त त्यांचा. पण ते कापत नव्हते. शर्ट घामाने चिकटला होता आणि नजर भिंतीच्या पार कुठेतरी लागली होती.

"मागे व्हा," ते सुरी हलवत म्हणाले. "पिवळ्या पट्टीच्या मागे. सगळे."

खिडकीतल्या टेबलावरून एक पातळ आवाज आला. मागच्या गल्लीत नुकतीच राहायला आलेली ती गोरी मुलगी, मेरेडिथ, फोनवर बोलत होती. "हो, सुरी आहे. म्हातारा आहे, उंच. काळा... हो. लोकांच्या अंगावर जातोय."

"कुणाला लावलास गं फोन?" रांगेतल्या मिस व्हर्डेलनी विचारलं. चर्चची टोपी सारखी करता करता त्यांचा हात तसाच राहिला.

"मदतीला. पोलिसांना."

"मदतीला," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "बरं."

रेनिटाने दाराकडे पाहिलं. चौकी जवळच होती. साखर उतरत चाललेला माणूस, हातात सुरी, आणि दारातून येणारा पोलीस त्याला 'खाली ठेव' म्हणणार. एकदा म्हणेल, फार तर दोनदा.

"मिस्टर एल्मोर, हा ज्यूस घ्या ना."

"गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नसतं, ताई." सुरी तिच्या कोपराजवळून गेली.

समोरच्या सलूनचा टायरी हळूच पुढे सरकला. "मी मागून धरतो."

"धर की," मिस व्हर्डेल म्हणाल्या. "म्हणजे पोलीस आले की दोघांनाही आडवं करतील. अक्कल गहाण टाकलीस का?"

"स्टोनी आयलंड," मिस्टर एल्मोर पुटपुटले. "पुढे कॉटेज ग्रोव्ह."

तेव्हा रेनिटाला उमगलं. पिवळी पट्टी, थांब्यांची नावं: ही एकोणऐंशी नंबरची बस, मिस्टर एल्मोर चालवायचे ती. दप्तर घेऊन धावत येणाऱ्या रेनिटासाठी हाच माणूस दार उघडं धरून थांबायचा आणि वर "उद्या सोडून जाईन हं" म्हणायचा. त्याने कधीच सोडलं नव्हतं.

तिने काउंटरवरची घंटी दाबली. मिस्टर एल्मोरनी डोळे वर केले, जणू डोक्यावर आरसा होता.

"कोण उतरतंय?"

"मी. कॉटेज ग्रोव्ह."

"मग गाडी थांबेपर्यंत बसून राहा."

"ड्रायव्हरच उभा, तर आम्ही बसायचं कसं?"

मिस व्हर्डेलनी एक खुर्ची त्यांच्या मागे सरकवली आणि दुसरी घेऊन स्वतः तिच्यामागे बसल्या. "मला चर्चला पोचायचंय, एल्मोर. नीट चालव. गेल्या खेपेला माझी हाडं खिळखिळी केली होतीस."

खुर्च्या सरकल्या. टायरी बसला, रांगेतले लोक बसले, मेरेडिथही सर्वांत मागे बसली. मिस्टर एल्मोर बुचकळ्यात पडून टेकले. रेनिटाने एक गोल ट्रे स्टिअरिंगसारखा त्यांच्यापुढे धरला. चाक धरायचं तर दोन्ही हात लागतात. सुरी मांडीवर आली. तिने ती उचलून फेसाळ पाण्याच्या सिंकमध्ये सोडली आणि ग्लास त्यांच्या ओठांना लावला. "डेपोचा हुकूम आहे. गटागटा प्या."

ग्लास संपायच्या आत दार उघडलं.

दोघे पोलीस होते. पुढच्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर. कुणी सांगितलं नाही, तरी हात रिकामे दिसावेत म्हणून प्रत्येकाचे तळवे गुडघ्यांवर उघडे झाले, रांगेतल्या शाळकरी मुलांचेसुद्धा. ओपलही रडायची थांबली.

"सुरी कुणाकडे आहे?"

मागून खुर्ची वाजली. मेरेडिथ बसल्या जागेवरूनच बोलली. "फोन मी केला होता. मला कळलं नाही. ते आजारी आहेत."

"सुरी सिंकमध्ये आहे," रेनिटा म्हणाली. "त्यांची साखर उतरलीय. अँब्युलन्स बोलवा."

पण पोलीस मिस्टर एल्मोरकडे बघत होता. "हातातलं खाली ठेव. हात वर."

"गाडी थांबल्याशिवाय हात सोडता येत नाहीत, साहेब."

"पुन्हा सांगणार नाही."

रेनिटाच्या पाठीवर तिचं लेकरू होतं. ती हलली नाही. आवाज मात्र तिने जपून, अगदी रोजचा काढला. "कॉटेज ग्रोव्ह आलं, मिस्टर एल्मोर. शेवटचा थांबा. ब्रेक लावा."

त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबला, दाबून धरला. मग ट्रे मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.

पोलिसाचा हात कमरेवरून खाली आला. रेनिटाने उरलेला ज्यूस मिस्टर एल्मोरच्या ओठांना लावला.

अँब्युलन्सवाल्यांनी बोट टोचून साखर बघितली, चढतेय म्हणाले. पोलीस गेले. मिस्टर एल्मोरनी मागे वळून खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मी कुणाला इजा केली का?"

"नाही."

"मग असे का बसलात सगळे?"

"तू बसचं दार उघडशील म्हणून," मिस व्हर्डेल म्हणाल्या. पर्समधून रुमाल काढून त्यांनी नाक पुसलं.

रेनिटाने बशी आणली आणि ती त्यांच्यासमोर बसली. "उद्यापासून आधी घास, मग सुई. माझ्या बशीवर विसंबायचं नाही."

"मग कुणावर विसंबायचं, पोरी?"

तिने बशी त्यांच्यापुढे आणखी सरकवली. त्यांचा पहिला घास गळ्याखाली उतरेपर्यंत ती तिथून उठली नाही. रांग थांबली होती. कुणी कुरकुर केली नाही.