पुडी

बाल कल्याण समितीसमोर बसलेल्या मृणालीने ओढणीच्या टोकाची गाठ घट्ट आवळून धरली होती. तिच्या गर्दच्या पुडीपायी लेक बालगृहात गेली होती. सानवी आज घरी येणार की नाही, ते इथं ठरायचं होतं. शेजारीण म्हणून हमी द्यायला मी सोबत.

अध्यक्ष कमळाताईंनी डॉक्टरांचा अहवाल बाजूला ठेवला. "मृणालीच्या तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. सानवी, आता तू सांग. सुट्टीत आईकडे काय केलंस?"

"घावणे खाल्ले! मांडवीला कीर्तनाला गेलो. बुवांनी प्रल्हाद सांगितला." पोर खुशीत आली. "आणि आईला रडू आलं ना, की ती पुडी काढते. चिमूटभर घेते."

पंख्याखाली सगळ्यांच्या नजरा मृणालीकडे वळल्या.

"अजून पुडी?" सदस्य दीपकराव पुढे सरकले.

मी तोंड उघडलं, तशी कमळाताईंनी मला थांबवलं. "त्यांना बोलू दे."

मृणाली उठली. इथं आजवर तिची मान कधी वर झाली नव्हती.

"आहे साहेब. आत्तापण जवळ आहे." तिने ओढणीची गाठ सोडली. "महिपतबुवांना मी म्हटलं, बुवा, सगळं सुटलं, पण हात ऐकत नाय. तलफ आली की पुडी शोधतो. ते म्हणाले, शोधू दे गो बाय, आपण पुडीच बदलू."

तिने कागद उलगडला आणि पंख्याने डाव साधला. बुक्का भसकन उडाला! दीपकरावांची हनुवटी, कमळाताईंचं नाक, टेबलावरचे कागद, सगळं काळं. खोलीला देवळाचा वास आला.

"आई, साहेबांना दाढी आली!" सानवी टाळ्या पिटू लागली.

दीपकरावांनी बोट हुंगलं. "अरे, हा तर बुक्का!"

"तोच साहेब. तलफ आली की चिमूटभर कपाळाला लावते."

कमळाताई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग तशाच काळ्या नाकाने त्यांनी ताब्याच्या हुकमावर सही केली आणि कागद दीपकरावांकडे सरकवला. त्यांच्या सहीशेजारी बोटाचा काळा ठसाही उमटला.

"आम्ही घरी येत राहू हां मृणाली. न सांगता."

"या की ताई. कीर्तन असलं तर देवळातच या."

बाहेर पायरीवर सानवीने आईच्या कमरेला मिठी मारली. "आई, बुक्का लावला की कीर्तन संपतं?"

"नाय गो," मृणालीने तिला उचलून कडेवर घेतलं. "पूर्वरंग संपतो. खरी गोष्ट पुढेच असते."