पुलाच्या अलीकडे

वाटाणे काही केल्या शिजेनात. आदल्या दिवशी माझ्या लेकीचा, मिर्तेचा कान दुखत होता, तिला कडेवर घेऊन फिरवण्यात वाटाणे भिजत घालायचे राहून गेले. सकाळी कढत पाण्यात घातले खरे, पण दुपार कलली तरी चमच्याखाली खडे लागत होते. गृहरक्षक दलाचा शरदातला सराव सुरू होता आणि महिला तुकडीतर्फे सूप पोचवायची पाळी माझी होती. वाटाण्याचं सूप, त्यात धुरावलेलं मांस, सोबत राय धान्याचा काळा पाव. हे सूप नसेल तर आमच्याकडे सराव झाला असं कुणी मानत नाही.

आमचं गाव नदीच्या पूर्वेला, म्हणजे रशियाच्या सीमेच्या बाजूला. दवाखाना, शाळा, दुकान, माझ्या बहिणीचं घर आणि उरलेला सगळा एस्टोनिया नदीच्या पश्चिमेला. मध्ये एकच पूल; दुसरा पार नदीच्या वरच्या अंगाला, लांबच्या वळशाचा. गेल्या उन्हाळ्यात सैन्याचे अभियंते आले आणि सुरुंग ठेवण्यासाठी त्यांनी पुलात खोबण्या करून ठेवल्या. वर लोखंडी झाकणं बसवली. मिर्ते त्यांना पुलाची बटणं म्हणते.

माणसं कमी असलेल्या देशात एकेका पुलाचा, एकेका दलदलीचा हिशेब ठेवावा लागतो, आणि एकेका माणसाचाही. लाकडाची गिरणी चालवणारा रायवो आमचा कमांडर. शाळेत गणित शिकवणारा माझा नवरा तानेल सुरुंगवाला. मी ग्रंथपाल, ती सूपवाली. तानेलची रायफल आमच्या झोपायच्या खोलीत पोलादी कपाटात असते. त्या कपाटाच्या दारावर मी मिर्तेचे लोकरी मोजे वाळत घालते.

मिर्ते झाली तेव्हाच मी त्याला विचारलं होतं, खरंच काही झालं तर आमचं काय? तो म्हणाला होता, "मी आधी तुला फोन करीन. फोन आला की तिला उचल आणि पूल ओलांड. मी पुलावरच असेन." त्या एवढ्याशा बोलण्यावर मी आजवर शांत झोपत आले होते.

सूप तयार झालं, पातेलं घोंगडीत गुंडाळून गाडीत ठेवलं, मिर्तेला मागे बसवलं. उतारावरचं वळण घेतलं की पूल दिसतो, आणि पुलावरून आपली गाडी दिसते. पांढरी गाडी गावात आमची एकच. मी दिवे लावून-विझवून तानेलला खूण केली. पलीकडच्या टोकाला माणसं उभी होती. तेवढ्यात शिट्टी वाजली, लांबलचक.

पुलाशी पोचले तर रस्त्यावर आडवी लाल-पांढरी फीत. फितीपाशी दंडावर पांढरा पट्टा बांधलेला सरावाचा पंच, तार्तू शहरातून आलेला कोवळा अधिकारी.

"पूल गेला, बाई," तो म्हणाला.

"कुठे गेला? हा काय समोर उभा आहे."

"सरावापुरता गेला. आत्ताच उडवला."

पलीकडून रायवोने तोंडाशी हात धरून हाक मारली, "काय गं काइदी, सूप शत्रूच्या हाती दिलंस ना?"

सगळे हसले. कुणीतरी ओरडलं, "मीठ जास्त घातलं असशील तर राहू दे तिकडेच! तेवढेच दोन शत्रू कमी होतील!"

"अरे, फीत वर करा, मी येते!" मी म्हणाले. "पोरगी आहे गाडीत."

"पोरगी येऊ दे. पोरगी नागरिक आहे," रायवो म्हणाला. "तू आमच्या दलातली. सूप पण आमच्या दलातलं. पुलावर पाऊल ठेवलंस तर पंच तुला बुडाली म्हणून लिहील आणि आमचे गुण जातील. जा, वरच्या पुलावरून वळसा घालून ये."

मीही हसत होते. मग हसता हसता विचारलं, "उडवला कुणी?"

तानेल कठड्याशी गुडघ्यावर बसला होता, समोर हिरवी पेटी, कळ असलेली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तुझ्याच नवऱ्याने," रायवो म्हणाला. "आदेश आला तसा. एक क्षण इकडे तिकडे नाही. शाब्बास पोरा!"

वरच्या पुलावरून गेले तोवर सूप गार झालं होतं. खऱ्या दिवशी वरचा पूलही उभा नसणार, हे माझ्या वाटेतच लक्षात आलं. लोकांनी गार सूप खाल्लं, वाटाण्यांना नावं ठेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तानेलने लांब एका ओंडक्यावर बसून खाल्लं. पंचाने मिर्तेला फितीचा उरलेला तुकडा दिला.

रविवारी सराव संपला. तानेल घरी आला आणि सौना, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली आमची वाफेची खोली, तापवायला लागला. शेजारच्या हेल्वेमावशी नेहमीप्रमाणे आधी वाफ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात चहाला बसल्या. मग आम्ही दोघं आत गेलो. अंधारात त्याचा चेहरा दिसत नव्हता, ते बरंच होतं.

"गाडी दिसली होती तुला?"

"हो."

"आपलीच आहे हे कळलं होतं?"

"दिवे लावलेस ना तू."

"आणि फोन? तू आधी फोन करणार होतास."

"फोन सरावाच्या आधीच डब्यात जमा करतात, काइदी. खऱ्या वेळीही करतील. तुला सांगितलं तेव्हा मला माहीत नव्हतं. मग कळलं, आणि सांगायचा धीर झाला नाही."

त्याने दगडांवर पाणी टाकलं. वाफ अंगावर आली.

"काल रायवोला म्हणालो, पेटी दुसऱ्याला दे. तो म्हणाला, कुणाला देऊ? दलातल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी पूर्वेला आहे. ज्याचं कुणी नाही असा माणूस आणायला आपला देश केवढा?"

"आम्ही पुलावरच असतो तर?"

त्याने पळी बादलीत ठेवली. "ते मला विचारू नकोस," तो म्हणाला. "त्या वेळी पुलावर असू नकोस, एवढंच कर. त्याच्या पुष्कळ आधी निघ. माझी वाट बघू नकोस."

मी तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि हेल्वेमावशींपुढे रडले. त्यांना सगळं ऐकू गेलंच होतं, फळ्यांच्या भिंती त्या. त्या स्वतः लहान असताना, सोव्हिएत राजवटीत, आईबरोबर आगगाडीच्या गुरांच्या डब्यातून सैबेरियाला नेल्या गेल्या होत्या. त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

"नवरा म्हणून वाईट आहे का गं तो?" त्यांनी विचारलं.

"नाही हो मावशी. पण त्याने आम्हाला बघून कळ दाबली."

"हं." त्यांनी कपातला चहा संपवला. "आम्हाला न्यायला आले ना, तेव्हा सगळे पूल जागच्या जागी होते. ट्रक त्यांच्यावरूनच आले. गेलेही त्यांच्यावरूनच, आम्हाला घेऊन."

मग डोक्याला रुमाल बांधून त्या घरी गेल्या.

संध्याकाळ व्हायच्या आत मी गाडी फिरवून तोंड पश्चिमेकडे करून लावली. मिर्तेचे हिवाळी बूट आणि कानाचं औषध मागच्या सीटखाली ठेवलं. बहिणीला फोन करून सांगितलं, मी कधीही येईन, कारण विचारू नकोस. कुठल्या बातमीवर निघायचं ते मी मनाशी ठरवलं आहे. तानेलला सांगितलेलं नाही. त्यानेही विचारलं नाही. गाडीचं तोंड बघून तो थोडा वेळ अंगणात उभा राहिला आणि आत येऊन पोलादी कपाटावरचे मोजे त्याने घडी करून माझ्या हातात दिले.

मिर्तेला दूध द्यायला गेले तर तिच्या खोलीच्या दाराला आडवी लाल-पांढरी फीत बांधलेली. आतून बाहुलीला मांडीवर घेऊन ती ओरडली, "पूल गेला, आई! इकडून नाही यायचं!"

मी फितीला हात लावला नाही. दुधाचा पेला घेऊन बाहेर पडले आणि घराला वळसा घालून तिच्या खोलीच्या मागच्या दाराकडे निघाले. दूध निवत होतं, म्हणून भराभर चालले.